गोल पृथ्वी, सपाट कागद

शाळेच्या भिंतीवर टांगलेला जगाचा नकाशा आपल्यापैकी बहुतेकांच्या डोळ्यांपुढे अजून असेल. वर-खाली दोन लाकडी दांड्या, मध्ये कापडावर चिकटविलेला रंगीबेरंगी कागद आणि त्यावरून फिरणारी गुरुजींची छडी. त्या नकाशात अगदी वरच्या बाजूस ग्रीनलंड नावाचे एक पांढरे बेट असे. ते आफ्रिका खंडाच्या तोडीस तोड दिसे आणि त्याच्या शेजारी आपला भारत देश आणून ठेवला तर तो त्याच्या एका कोपऱ्यात मावेल की काय, असे वाटे. त्याच वर्गातील कपाटावर धूळ खात बसलेला पृथ्वीचा गोल मात्र निराळीच हकीकत सांगे. त्या गोलावर ग्रीनलंड भारतापेक्षा लहान होते आणि आफ्रिका त्याच्या कितीतरी पट मोठी होती.

गोल सांगत होता ते खरे होते. ग्रीनलंडचे क्षेत्रफळ सुमारे २१ लाख ६६ हजार चौरस किलोमीटर आहे, भारताचे सुमारे ३२ लाख ८७ हजार, आणि आफ्रिका खंडाचे तीन कोटी चौरस किलोमीटरांहून थोडे अधिक. म्हणजे ग्रीनलंडसारखी चौदा बेटे आफ्रिकेत मावतील. मग भिंतीवरचा नकाशा काढणारा मनुष्य अडाणी होता काय? की त्याने जाणूनबुजून आपल्याला फसविले? या दोन्ही प्रश्नांचे उत्तर नकारार्थी आहे. तो आपल्या काळातील अत्यंत जाणत्या पुरुषांपैकी एक होता, आणि त्याने केलेला नकाशा ज्या कामासाठी होता त्या कामात आजवर कोणीही त्याला मागे टाकलेले नाही. चूक झाली ती निराळ्याच ठिकाणी. ती कोठे झाली, हे पाहण्यासाठी आपल्याला या विषयाच्या मुळाशी जावे लागेल.

पृथ्वी गोल आहे तर ती आपल्याला सपाट का दिसते, हा प्रश्न आपल्याकडील भास्कराचार्यांनी आठशे-साडेआठशे वर्षांपूर्वी विचारलेला आहे. ११५० साली लिहिलेल्या ‘सिद्धान्तशिरोमणी’ या ग्रंथाच्या गोलाध्यायात त्यांनी त्याचे जे उत्तर दिले आहे, ते अत्यंत मार्मिक आहे. कोणत्याही मोठ्या वर्तुळाच्या परिघाचा शंभरावा भाग घेतला तर तो सरळच भासतो. पृथ्वी अतिविशाल, मनुष्य अतिलहान. त्याच्या दृष्टीच्या टप्प्यात पृथ्वीचा जो अल्पसा तुकडा येतो तो त्याला सपाट वाटावा यात नवल नाही. या उत्तरातच नकाशाशास्त्राचे अर्धे रहस्य आहे. एखाद्या गावाचा किंवा तालुक्याचा नकाशा काढायचा असेल, तर पृथ्वीच्या गोलाईची फारशी अडचण येत नाही. अडचण येते ती खंडाचा किंवा सबंध जगाचा नकाशा काढताना.

ही अडचण समजावून घेण्यासाठी भूमितीचे पुस्तक उघडण्याची आवश्यकता नाही. स्वयंपाकघरात डोकावले तरी पुरे. लाटण्याभोवती कागद गुंडाळला तर त्याला एकही सुरकुती पडत नाही. वाण्याने दाणे बांधून दिलेली शंकूच्या आकाराची पुडी सोडली की कागद पुन्हा सपाट होतो. परंतु उकडीच्या मोदकाची गोष्ट निराळी आहे. सारणाचा गोळा पारीत झाकायचा तर तिच्या कडेला चुण्या पाडाव्याच लागतात, कारण गोळ्याचे तोंड मिटू लागले की पारीची कड जास्त होते. उलट, संत्र्याची साल पाटावर ठेवून तळहाताने दाबली तर ती कडांशी फाटते, कारण सपाट होण्यास तेथे साल कमी पडते. लाटणे आणि पुडी एकाच दिशेने वळलेली असतात. मोदक आणि संत्रे दोन्ही दिशांनी. पृथ्वी संत्र्याच्या जातीची आहे. तिला कागदावर पसरायचे तर कोठे फाडावे लागणार, कोठे ताणावे लागणार, कोठे दाबावे लागणार. या ताणण्या-दाबण्याचा जो काही नियम ठरविला जातो, त्यालाच ‘प्रक्षेपण’ असे म्हणतात.

हे दुखणे प्राचीन ग्रीकांना चांगले ठाऊक होते. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकात अलेक्झांड्रिया नगरीत टॉलेमी नावाचा ज्योतिषी होऊन गेला. त्याने आपल्या भूगोलविषयक ग्रंथात सुमारे आठ हजार स्थळांचे अक्षांश-रेखांश नोंदविले. त्याच्या आधीचा टायरचा मारिनुस हा सरळ आडव्या-उभ्या रेषांच्या चौकटीत जग बसवीत असे. टॉलेमीने त्याच्यातील दोष दाखविला आणि अक्षवृत्ते वक्र काढण्याच्या दोन नव्या रीती सांगितल्या. त्यांतील एक काढावयास सोपी, तर दुसरी अवघड पण पृथ्वीच्या रूपाशी अधिक प्रामाणिक, असा त्याचा अभिप्राय होता.

टॉलेमीच्या माहितीवरून काढलेले नकाशे पाहिले तर आपल्याला हसू येईल. त्यांत भारताचे द्वीपकल्प जवळजवळ नाहीसेच झालेले आहे आणि सिंहलद्वीप मात्र अवाढव्य फुगलेले आहे. पण ही चूक निराळ्या प्रकारची आहे, हे ध्यानात ठेवले पाहिजे. ती माहितीची चूक होय. खलाशी येत-जात राहिले, मोजण्या झाल्या, तशी ती दुरुस्त झाली. प्रक्षेपणाचा दोष मात्र कितीही माहिती मिळाली तरी नाहीसा होत नाही. सर्व किनारे बिनचूक मोजूनही जगाचा सपाट नकाशा कोठे ना कोठे खोटा राहतोच.

आता आपण सोळाव्या शतकात येऊ. पोर्तुगीज आणि स्पॅनिश जहाजे महासागर ओलांडू लागली होती. किनारा दृष्टीआड झाला की खलाशाला आधार दोनच: आकाशातील ग्रहगोल आणि हातातील होकायंत्र. होकायंत्राची सुई पाहून एक दिशा धरावी आणि दिवसेंदिवस तीच दिशा न सोडता जावे, ही त्याची रीत. परंतु त्या वेळच्या नकाशावर अशा मार्गाची रेषा काढून पाहिली तर जहाज भलत्याच ठिकाणी पोहोचे. नकाशा म्हणे एक, समुद्र म्हणे दुसरे. या मतभेदाची किंमत खलाशांना प्रसंगी प्राण देऊन चुकवावी लागे.

या कोड्याच्या उकलीशी गोव्याचा जो संबंध आहे, तो फारसा कोणाच्या ध्यानात येत नाही. मार्तिं आफोंसो द सौझा नावाचा एक पोर्तुगीज दर्यासारंग १५३३ साली ब्राझीलच्या सफरीहून लिस्बनला परतला. त्याला एक शंका सतावीत होती. जहाजाचे तोंड नेमके पूर्वेस किंवा पश्चिमेस ठेवून कितीही दिवस चालविले, तरी ते त्याच अक्षवृत्तावर राहते; विषुववृत्ताकडे वळत नाही. असे का व्हावे? गोलावर नाकासमोर सरळ जाणारी रेषा तर विषुववृत्ताला जाऊन छेदावयास हवी! ही शंका त्याने पेद्रु नुनिश या गणितज्ञापुढे ठेवली, आणि १५३७ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात नुनिशने तिचे उत्तर दिले. त्याने दाखविले की गोलावरील सर्वांत जवळचा मार्ग आणि होकायंत्राची एकच दिशा धरून जाण्याचा मार्ग, हे दोन अगदी भिन्न मार्ग आहेत. पहिल्यावर चालताना होकायंत्राचा कोन सतत बदलावा लागतो. दुसऱ्यावर कोन तोच राहतो. पण दिशा नेमकी पूर्व-पश्चिम वा उत्तर-दक्षिण नसेल, तर तो मार्ग गोगलगाईच्या शंखावरील रेघेसारखा वळसे घेत घेत ध्रुवाकडे जातो.

शंका विचारणारा हाच सौझा पुढे १५४२ पासून १५४५ पर्यंत गोव्यात पोर्तुगीज सत्तेचा गव्हर्नर होता. त्याच्या मागून त्या पदावर आला तो दों जुवांव द कास्त्रो, आणि तो तर नुनिशचा शिष्यच होता. १५३८ साली लिस्बनहून गोव्यास येताना त्याने वाटेत गुरूने सुचविलेल्या यंत्राने होकायंत्राच्या सुईचे खऱ्या उत्तरेपासून होणारे विचलन मोजून पाहिले. पुढे गोव्यापासून दीवपर्यंतच्या प्रवासात त्याने आपल्या कोकण किनाऱ्यावरील बंदरांची आणि खाड्यांची वर्णने व चित्रे तयार केली. लिस्बनच्या गणितज्ञाने मांडलेला विचार मांडवीच्या मुखापर्यंत असा पोहोचलेला होता. तथापि एक गोष्ट राहिली होती. नुनिशने रोग ओळखला होता. खलाशाच्या हाती देता येईल असा नकाशा अजून कोणी काढला नव्हता.

ते काम केले गेरार्ड मर्केटर याने. मर्केटर हा दर्यावर्दी नव्हता. ५ मार्च १५१२ रोजी फ्लँडर्समधील रुपेलमोंडे या लहानशा गावी एका गरीब कुटुंबात त्याचा जन्म झाला. घराण्याचे मूळ नाव क्रेमर, म्हणजे व्यापारी. त्याचेच त्याने त्या काळच्या विद्वानांच्या प्रथेप्रमाणे ‘मर्केटर’ असे लॅटिन रूप केले. लूव्हेंच्या विद्यापीठात शिकून तो तांब्याच्या पत्र्यावर अक्षरे कोरण्यात, यंत्रे बनविण्यात आणि पृथ्वीचे गोल तयार करण्यात निष्णात झाला. १५४१ साली त्याने केलेल्या पृथ्वीगोलावर नुनिशने सांगितलेल्या त्या वळसेदार दिशारेषा प्रत्यक्ष कोरलेल्या आहेत. पुढे १५४४ साली पाखंडी मतांच्या संशयावरून त्याला पकडण्यात आले. त्या धरपकडीत सापडलेल्यांपैकी काहींना देहान्त शिक्षा झाली. सुमारे सात महिन्यांच्या तुरुंगवासानंतर मर्केटर मात्र सुटला. १५५२ मध्ये त्याने ते गाव आणि तो प्रदेश सोडला व ऱ्हाइन नदीकाठच्या डुइसबुर्ग या शहरी बिऱ्हाड थाटले. तेथेच १५६९ साली, वयाच्या सत्तावन्नाव्या वर्षी, त्याने आपला जगाचा मोठा नकाशा प्रसिद्ध केला.

हा नकाशा अठरा कागदांवर छापलेला होता, आणि ते सर्व जोडले म्हणजे त्याची रुंदी सुमारे दोन मीटर आणि उंची सव्वा मीटर होई. त्याच्या लांबलचक लॅटिन मथळ्यातच मर्केटरने स्पष्ट म्हटले आहे की हे पृथ्वीचे चित्र नौकानयन करणाऱ्यांच्या उपयोगासाठी सिद्ध केले आहे. श्रोत्यांनी हे शब्द विसरू नयेत; पुढे त्यांची आपल्याला गरज लागणार आहे.

त्याची युक्ती काय होती? सर्व रेखावृत्ते पृथ्वीवर ध्रुवापाशी एकत्र येतात. विषुववृत्तावर दोन रेखांशांमधील अंतर सुमारे १११ किलोमीटर असते. ६० अक्षांशावर तेच सुमारे ५६ किलोमीटर, म्हणजे निम्मेच, उरते. मर्केटरने रेखावृत्ते एकमेकांना समांतर, सरळ उभी काढली. याचाच अर्थ असा की ६० अक्षांशावरील प्रदेश त्याने पूर्व-पश्चिम दिशेने दुप्पट ताणला. आता एकाच बाजूने ताणले तर आकार बिघडणार, दिशाही बिघडणार. म्हणून त्याने दुसरा निश्चय केला: जेथे जितके आडवे ताणले, तेथे तितकेच उभेही ताणायचे. परिणामी त्याच्या नकाशात अक्षवृत्तांमधील अंतर विषुववृत्तापासून ध्रुवाकडे जाताना वाढत वाढत जाते. दोन्हीकडून सारखे ताणल्यामुळे लहानसहान आकार जसेच्या तसे राहतात आणि कोन बिघडत नाहीत. आणि नुनिशची ती शंखावरची रेघ कागदावर चक्क सरळ रेषा होऊन बसते! खलाशाने निघण्याचे ठिकाण आणि पोहोचण्याचे ठिकाण यांमध्ये पट्टी ठेवावी, रेषा ओढावी, कोन मोजावा आणि तीच दिशा होकायंत्रावर धरावी. इतके सुलभ साधन त्यापूर्वी समुद्रावर कोणाच्याही हाती नव्हते.

पण निसर्ग कोणालाही काही फुकट देत नाही. ६० अक्षांशावर दोन्ही बाजूंनी दुप्पट ताणले म्हणजे क्षेत्रफळ चौपट झाले. ७० अक्षांशावर ते साडेआठ पट होते, आणि ८० अक्षांशावर तेहतीस पट. भारताच्या मध्यावरील २० अक्षांशापाशी मात्र ही वाढ शेकडा तेराच भरते. ग्रीनलंड का फुगले आणि भारत का आक्रसला, याचे उत्तर या चार आकड्यांत आहे. प्रत्यक्ष ध्रुव तर या नकाशात कधी येऊच शकत नाही, कारण तेथे ताण अनंत होतो. मर्केटरला हे पुरेपूर ठाऊक होते. म्हणून तर त्याने कोपऱ्यात उत्तर ध्रुवाचा एक स्वतंत्र गोल नकाशा काढून दिला आणि अंतर कसे वाढविले आहे याचा खुलासाही नकाशावरच छापला. लपवाछपवी त्याने केली नाही.

त्याने अक्षवृत्तांची अंतरे बहुधा कंपास-पट्टीने काढली असावीत. नेमके गणित त्याने दिले नाही. ती उणीव इंग्लंडमधील एडवर्ड राइट या गणितज्ञाने भरून काढली. नौकानयनातील चुकांवर १५९९ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात त्याने कलेकलेच्या अंतराने ताणाची बेरीज करीत जाऊन कोष्टकेच तयार केली. अशा रीतीने कारागिराच्या हातातील विद्या गणिताच्या पायावर उभी राहिली. तरीही खलाशांनी ती लगेच उचलली असे नाही. समुद्रावर रेखांश खात्रीने काढण्याचे साधन अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात, जहाजावर चालणारी अचूक घड्याळे झाल्यावर, हाती आले, आणि त्यानंतर मर्केटरच्या नकाशाची खरी सत्ता समुद्रावर सुरू झाली.

आणि येथेच ती चूक झाली, जिचा उल्लेख मी प्रारंभी केला. जहाजाच्या खोलीतून हा नकाशा हळूहळू शाळेच्या भिंतीवर आला. तो चौकोनी होता, छापण्यास व टांगण्यास सोयीचा होता, उत्तर नेहमी वर आणि पूर्व नेहमी उजवीकडे होती. एकोणिसाव्या शतकात नकाशे छापणाऱ्यांनी आणि शाळांनी तो सर्रास वापरला. खलाशाला दिशा हवी होती. ती त्याला मिळाली. विद्यार्थ्याला हवे होते ते देशांच्या आकारमानाचे खरे ज्ञान, आणि नेमके तेच देण्यास हा नकाशा असमर्थ होता. ‘खलाशांच्या उपयोगासाठी’ हे मथळ्यातील शब्द भिंतीवर चढता चढता गळून पडले.

त्या नकाशात थंड उत्तरेकडील देश भव्य दिसत आणि उष्ण कटिबंधातील देश, म्हणजे बहुतांशी परक्यांच्या सत्तेखाली असलेले देश, लहान दिसत. भारतातील, आफ्रिकेतील किंवा दक्षिण अमेरिकेतील मुलाने रोज तो नकाशा पाहावा आणि आपली भूमी एवढीशीच आहे, अशी समजूत मनात घेऊन मोठे व्हावे, ही गोष्ट क्षुल्लक नाही. मर्केटरच्या मनात असा हेतू होता, असे म्हणणे त्याच्यावर अन्याय करण्यासारखे होईल. पण हेतू नसतानाही परिणाम घडतात, आणि डोळ्यांनी पाहिलेले चित्र पाठ केलेल्या आकड्यांपेक्षा अधिक काळ मनात टिकते.

मग प्रश्न असा उरतो की, क्षेत्रफळही खरे, आकारही खरा आणि अंतरेही खरी, असा एखादा निर्दोष नकाशा काढता येणार नाही काय? अठराव्या शतकात ऑयलर या थोर गणितज्ञाने ते अशक्य असल्याचे दाखविले होते. १८२७ साली गाउसने त्याचे खोल कारण सांगितले. गाउस हा नुसता खोलीत बसून विचार करणारा गणिती नव्हता. हॅनोव्हर राज्याची मोजणी करीत त्याने अनेक उन्हाळे डोंगरांवर काढले होते. पृष्ठभागाची वक्रता त्याच पृष्ठभागावरील मापांवरून ठरते, आणि न ताणता, न फाडता ते कितीही वळविले तरी ती वक्रता बदलत नाही, असे त्याने सिद्ध केले. कागद वळविला तरी त्याची वक्रता शून्यच. गोलाची वक्रता कधीच शून्य नाही. म्हणून एकाचे दुसरे होणे नाही. मोदकाच्या चुण्यांमागचे आणि संत्र्याच्या फाटक्या सालीमागचे शास्त्र ते हेच.

अगदी हीच गोष्ट आपल्या भूमीवर प्रत्यक्ष अनुभवाला आली होती. १८०२ साली मद्रासजवळ विल्यम लॅम्बटनने ज्या महान त्रिकोणमितीय सर्वेक्षणास प्रारंभ केला, त्यात टेकडीवरून टेकडीवर दृष्टी टाकून त्रिकोणांची साखळी गुंफली जाई. सपाट कागदावर त्रिकोणाच्या तीन कोनांची बेरीज १८० अंश असते. पृथ्वीवरील मोठ्या त्रिकोणाची ती किंचित अधिक भरते. सुमारे १९७ चौरस किलोमीटर क्षेत्रामागे एक विकला, म्हणजे एका अंशाचा ३६०० वा भाग, इतकी ही वाढ असते. अर्धा टन वजनाचे कोनमापक यंत्र डोंगरावर चढवून हे सर्वेक्षक तेवढ्या सूक्ष्म फरकाचा हिशेब ठेवीत. लॅम्बटनने हे काम वीस वर्षे केले आणि २० जानेवारी १८२३ रोजी आपल्या विदर्भातील हिंगणघाट येथे मुक्कामावरच देह ठेवला. त्याची समाधी तेथेच आहे. त्याच्यामागून जॉर्ज एव्हरेस्टने ती साखळी हिमालयाच्या पायथ्यापर्यंत नेली.

अशा मोजणीवर आधारलेले भारतीय सर्वेक्षण खात्याचे स्थलदर्शक नकाशे दीर्घकाळ बहुशंकू प्रक्षेपणावर काढले जात. पृथ्वीला एक नव्हे तर अनेक कागदी पुड्या घातल्या आहेत अशी कल्पना करावी, म्हणजे त्याचे स्वरूप ध्यानात येईल. अशा नकाशाचा एक एक कागद इतक्या लहान प्रदेशाचा असे की त्यातील दोष दिसूही नये. भास्कराचार्यांचा तो परिघाचा शंभरावा भागच म्हणा ना. परंतु असे पुष्कळ कागद जमिनीवर मांडून सर्व बाजूंनी जोडू लागलो, तर आडवी ओळ जुळते, उभी ओळ जुळते, पण सगळे एकदम जुळत नाहीत. कोठे तरी बारीक फट राहून जाते. त्या फटीतून पृथ्वीची गोलाईच आपल्याकडे पाहत असते.

एकदा निर्दोष नकाशा अशक्य ठरला म्हटल्यावर, कोणता दोष पत्करायचा हे ज्याने त्याने आपल्या कामानुसार ठरवावयाचे, एवढेच उरते. अल्सेसमधील एका शिंप्याचा मुलगा, स्वतःच्या बळावर शिकलेला योहान हाइन्रिख लांबेर्ट, याने १७७२ साली एकाच ग्रंथात अनेक नवी प्रक्षेपणे सांगितली. काही आकार सांभाळणारी, काही क्षेत्रफळ सांभाळणारी. पुढील दोन शतकांत असे शेकडो प्रकार निघाले.

या इतिहासात एक मोठा वादही झाला. १९७३ साली आर्नो पीटर्स या जर्मन इतिहासकाराने बॉन येथे एक नकाशा मांडला आणि मर्केटरचा नकाशा गरीब देशांवर अन्याय करतो, असा आरोप केला. त्याच्या नकाशात प्रत्येक देशाचे क्षेत्रफळ खऱ्या प्रमाणात होते. ही रीत १८५५ सालीच जेम्स गॉल या स्कॉटिश धर्मोपदेशकाने सांगितली होती, हे पुढे उघड झाले. संयुक्त राष्ट्रांशी संबंधित काही संस्थांनी तो नकाशा उचलून धरला. नकाशातज्ज्ञ मात्र संतापले, आणि त्यांचा राग अगदीच अनाठायी नव्हता. क्षेत्रफळ सांभाळण्यासाठी पीटर्सने आकाराचा बळी दिला होता. त्याच्या नकाशात आफ्रिका ओल्या कपड्यासारखी लोंबते, आणि आपला भारत रुंदीच्या मानाने पावणेदोन पट लांब होतो. एका असत्याच्या जागी दुसरे आले होते. फरक इतकाच की हे दुसरे असत्य न्यायाचा पक्ष घेऊन आले होते.

तथापि त्या वादातून एक चांगली गोष्ट निष्पन्न झाली. भिंतीवरच्या नकाशाकडे लोक प्रश्नार्थक दृष्टीने पाहू लागले. आकार आणि क्षेत्रफळ या दोहोंत तडजोड करणारे नकाशे पुढे आले. २०१८ साली तीन तज्ज्ञांनी क्षेत्रफळ अचूक ठेवून आकारही शक्य तितका सांभाळणारे एक नवे प्रक्षेपण तयार केले, आणि जगाच्या नकाशासाठी मर्केटरऐवजी असे प्रक्षेपण वापरावे या मागणीला २०२५ मध्ये आफ्रिकी संघानेही पाठिंबा दिला. ज्या खंडाला या चित्राने सर्वांत अधिक लहान केले, त्याने ही मागणी उचलावी हे स्वाभाविकच आहे.

मग मर्केटरला आता निरोप द्यावा काय? मुळीच नाही. समुद्रावर दिशा धरण्यासाठी तो आजही उपयोगात आहे. आपण खिशातील फोनवर रस्ता शोधतो तो नकाशाही बहुधा त्याच्याच रीतीने काढलेला असतो, कारण चौकातील काटकोन काटकोनच दिसावा, ही त्या कामाची गरज आहे. गल्लीबोळ शोधणाऱ्याला ग्रीनलंडशी काय करायचे आहे? ज्या कामासाठी जो नकाशा काढला, त्या कामात तो खरा असतो. त्याच्याकडून भलतेच काम करून घेतले की तो खोटे बोलू लागतो.

शेवटी एक लहानसा प्रयोग सुचवितो. घरात मुले असतील तर त्यांच्यासाठी पृथ्वीचा एक गोल अवश्य आणा. एक दोरा घ्या. त्याचे एक टोक मुंबईवर धरा, दुसरे न्यूयॉर्कवर, आणि दोरा ताणून पाहा. भिंतीवरच्या नकाशात न्यूयॉर्क पश्चिमेला दिसते. पण दोरा मुंबईहून निघताना पश्चिमेपेक्षा उत्तरेकडेच अधिक झुकेल आणि वाटेत जवळजवळ ६५ अक्षांशापर्यंत चढून मग खाली उतरेल. सर्वांत जवळची वाट तीच. मग तो दोरा काढून मुलांना ग्रीनलंड आणि भारत दाखवा, आणि दोहोंत मोठा कोणता हे त्यांनाच सांगू द्या. त्यानंतर भिंतीवरचा नकाशा काढून टाकण्याचे कारण नाही. तो तेथेच असू द्यावा. मात्र गोल कपाटावरून खाली उतरवून त्याच्या शेजारी ठेवावा.